अर्धं तिकीट, पूर्ण माणूस

बोट घेतली तेव्हा विकणारा म्हणाला होता, "बारा सीटर आहे, डोळे झाकून चालवा." आम्ही खरंच डोळे झाकले. दोन्ही कडांना लांब बाकडी, एकेकावर दाटून चौघं, म्हणजे आठ. मधल्या मोकळ्या जागेत प्लास्टिकच्या चार खुर्च्या. झाले बारा. बोट फायबरची, १८ फूट लांब, साडेसहा फूट रुंद, मागं ४० हॉर्सपॉवरचं मशीन. ऊन लागू नये म्हणून मामांनी वेल्डिंगवाल्याकडून पाइप आणि पत्र्याचं छप्पर करून घेतलं होतं. छपराला लाल झालर, जिंतूरच्या बाजारातून आणलेली.

मामांची सगळी हयात येलदरीच्या पाण्यावर गेली. पूर्णेवरचं हे धरण १९६८ सालचं, मामा त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. थर्माकोलच्या चप्पूवर बसून पहाटे जाळं काढणारा हा माणूस. मी वाळूजला कंपनीत आठ वर्षं काढून गावी परतलो. बचत माझी, पाण्याची माहिती मामांची, अशी आमची भागीदारी. पहिलं वर्ष आम्ही कुठल्याही कागदाशिवाय बोट चालवली. आज हे लिहिताना बरं वाटत नाही, पण झालं ते झालं.

तेवीसच्या दिवाळीत पाहुण्यांची गर्दी उसळली. पाडव्याच्या दिवशी दुपारच्या फेरीचा माझा हिशोब असा होता: नऊ पूर्ण तिकिटं, चार अर्धी म्हणजे दोन, एकूण अकरा. बाराच्या आत. मांडीवरची दोन लेकरं बिनतिकिटाची, ती धरलीच नाहीत. मामा आणि मी घरचेच, आम्हाला कोण मोजतो? प्रत्यक्षात बोटीत सतरा जीव होते.

काठापासून बरंच आत गेल्यावर एक पोरगा ओरडला, "मगर! मगर!" आणि सगळी माणसं डाव्या अंगाला उठली. उठली म्हणजे धावलीच. बोट कलली तशा मधल्या खुर्च्या माणसांसकट त्याच बाजूला घसरल्या. उजव्या बाकड्यावरची एक म्हातारी बसल्या बसल्या घरंगळत पलीकडे गेली, तिला धरायला काहीच नव्हतं. डाव्या काठावरून पाणी आत आलं, एका दमात, पखाल उलटी करावी तसं. मामांनी मशीन बंद केलं आणि त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता असा आवाज निघाला, "खाली! खाली बसा सगळे!" माणसं ओल्या तळावर बसली. बोट डुलली, आणखी डुलली, मग सरळ झाली. मगर म्हणजे बाभळीचं ओंडकं होतं.

काठाला आल्यावर लोक हसत उतरले, एकानं तर व्हिडिओही टाकला. मामांनी तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यानं पाणी उपसलं. दहा डबे निघाले. लाइफ जॅकेटं होती आमच्याकडे, सहा. पुढच्या टोकाला गोणीत बांधून ठेवलेली. दोन बाहेर होती, ती लोकांनी बाकड्यावर मऊ लागावीत म्हणून बुडाखाली घेतली होती.

पुढच्या जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली, १२ विद्यार्थी आणि २ शिक्षक गेले. क्षमतेपेक्षा जास्त पोरं भरली होती आणि सगळ्यांना जॅकेटं नव्हती. मग २१ मे २०२४ ची ती संध्याकाळ. उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडं निघालेली बोट वाऱ्यात सापडून बुडाली, सहा जण गेले. मे महिन्यातलं ते चार-पाच वाजताचं वारं आम्हालाही चांगलं माहीत आहे. आभाळ एका कोपऱ्यात काळं होतं आणि बिडी पेटवून होईस्तोवर पाण्यावर फेस. दुसऱ्या दिवशी मामांनी बोट काठावर ओढली आणि मला म्हणाले, "भाच्या, आता कागद केल्याबिगर पाण्यात घालायची नाही."

कागदांबद्दल फार लिहीत नाही, वाचणाऱ्याचा जीव जाईल. १९१७ चा इंग्रजांच्या वेळचा कायदा जाऊन इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट, २०२१ आला आणि जून २०२२ पासून लागू झाला, हे मला तेव्हा कळलं. नदी-तलावातल्या मशीनवाल्या बोटीला सर्व्हे करून दाखला घ्यायचा, नोंदणी करायची, विमा काढायचा. वल्ह्याच्या नावेची नोंद वेगळी आणि सोपी. शिवाय धरणाचं पाणी ज्या खात्याचं, त्याची ना-हरकत. नोंदणीच्या ऑफिसात मी तीनदा रात्रीच्या गाडीनं गेलो आणि तीनदा अर्ज परत घेऊन आलो. एकदा तर 'बंदराचे नाव' हा रकाना मोकळा ठेवला म्हणून. समुद्र आमच्यापासून चारशे-पाचशे किलोमीटर! शेवटी तिथं 'येलदरी' लिहिलं तेव्हा अर्ज पुढं सरकला. आपलं गाव बंदर झालं म्हणून मामांनी चहा पाजला. मधल्या काळात गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जाऊन पॉवरबोट चालवायचा कोर्स करून आलो.

त्या कोर्समधली एक गोष्ट मात्र सांगतो, कारण बसायच्या जागेचं सगळं गणित तिथून सुरू होतं. मला वाटायचं, बोट मोटारीसारखी पुढून वळते. तसं नाही. तोंड उजवीकडं वळवलं की मागचा भाग डावीकडं फेकला जातो. त्यामुळं काठावर बूड टेकून बसलेला माणूस वळणावर कसा उडतो ते आपोआप कळतं. आणि पुढच्या टोकावर पाय सोडून बसलेला माणूस पडला, तर तो थेट बोटीच्या वाटेतच पडतो. मी वहीत आमच्या बोटीचा हिशोब मांडला. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. आमची १८ फुटी बोट म्हणजेही साडेपाच मीटर. टोकावरून पडलेल्या माणसापर्यंत मागच्या मशीनचा पाण्यातला पंखा पोचायला एक सेकंद. "अरे पडला" म्हणायलाच तेवढा वेळ लागतो. आणि फोटो काढायला सगळ्यांना नेमकं तेच टोक लागतं, हात पसरून.

सर्व्हेयर साहेब आले ते डिसेंबरातल्या एका बुधवारी. मूळचे कोकणातले, बुटके, डोक्याला टॉवेल. बोट पाहिली, एकदा चक्कर मारली आणि पहिला प्रश्न विचारला, "ह्या खुर्च्या कोणाच्या लग्नातल्या?"

मग ते बाकड्यापाशी गेले, दोन्ही हातांनी धरून एक हिसका दिला. बाकडं हाललं. खाली वाकून पाहतात तर पातळ फायबरमध्ये नुसते स्क्रू पिळलेले, तेही गंजके. "उद्या बोट कशावर आपटली तर माणसं ह्या बाकासकट पुढं जाणार," म्हणाले. बाकडं किती उंच आहे ते टेपनं मोजलं. मी म्हणालो, उंच केलंय म्हणजे लोकांना पाणी नीट दिसतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "पाण्यालाही माणसं नीट दिसतात." वजन जितकं वर, बोट तितकी कलती. त्यांनी पत्र्याचं छप्परही त्याच नजरेनं पाहिलं. झालरीला हात लावून बघितला, बोलले काही नाही.

खरी परीक्षा वजनाची. त्यांनी आदल्या दिवशी फोन करून पोती भरून ठेवायला सांगितली होती. युरियाच्या रिकाम्या पोत्यांत आम्ही वाळू भरली आणि आडतीवरून काटा आणून प्रत्येक पोतं साडेसदतीस किलोचं केलं. दोन पोती म्हणजे ७५ किलो, म्हणजे एक माणूस. मामांना हे पटत नव्हतं. "साहेब, आपल्याकडं ७५ किलोचा माणूस असतो कुठं? निवडणुकीला उभा राहिलेला सोडून?"

बारा माणसांची चोवीस पोती चढवली. बोट खाली बसली, पण तशी बरी दिसत होती. मामांनी माझ्याकडं बघून भुवई उडवली. मग साहेब म्हणाले, "आता ह्या अंगाची निम्मी पोती त्या अंगाला टाका. मगर दिसली म्हणून लोक धावले असं समजा." मी चमकलो. पाडव्याची गोष्ट आम्ही त्यांना सांगितलीच नव्हती. नंतर कळलं, हे ते सगळीकडंच म्हणतात.

एकेक पोतं सरकवत गेलो. सहावं पोतं पलीकडं गेलं तेव्हा साहेबांनी हात वर केला. ते गुडघ्यावर बसले आणि काठ आणि पाण्याच्या मधल्या जागेत आपला हात आडवा धरला. चार बोटं. आमच्या भाषेत बोटीची उंची बोटांनीच मोजतात, पण त्या दिवशी ती चार बोटं मला फार कमी वाटली. पाणी संथ होतं, वारा नव्हता, पोती ओरडत नव्हती, उठून उभी राहत नव्हती. तरी चार बोटं. "आणि आत पाणी आलं तर ते कुठं जाईल?" साहेबांनी विचारलं. मामा हळूच म्हणाले, "कललेल्या अंगाला." दहा डबे म्हणजे दीडशे लिटर. म्हणजे पाडव्याला दोन आडदांड माणसं न बोलावता आत आली होती, आणि ती सगळ्यात वाईट जागी जाऊन बसली होती.

मग पोती उतरवत गेलो. दहा माणसं, नऊ, आठ. दर वेळी एका अंगाला सरकवायची, टेपनं मोजायचं, वहीत लिहायचं. सातला साहेबांनी मान हलवली.

"सात प्रवासी," मामा म्हणाले.

"चालकासह सात."

"म्हंजे मला पण मोजायलेत?"

"तुमचं वजन नाही का?"

"आन् ह्याला?"

"हे बोटीत बसणार असतील तर ह्यांनाही."

बाराचे पाच झाले. मामा जाऊन बाभळीखाली बसले ते बराच वेळ उठेनात.

दुपारी भाकरी खाताना वाद पुन्हा निघाला. मामांचा मुद्दा सरळ होता: एसटीत लेकराचं तिकीट अर्धं, जत्रेत पाळण्यात अर्धं, मग बोटीतच ते पूर्ण माणूस कसं? साहेब म्हणाले, "वजनाला निम्मं असेल हो. पण त्याला सीट एक लागते, जॅकेट एक लागतं. आणि बोट उलटली तर त्याला काढायला मोठा माणूस एक लागतो." मामांनी कांदा फोडला आणि गप्प राहिले.

मग त्यांनी अमेरिकेतली गोष्ट सांगितली. न्यूयॉर्क राज्यात लेक जॉर्ज नावाचा तलाव आहे. २ ऑक्टोबर २००५ ला तिथं ईथन अ‍ॅलन नावाची सहलीची बोट उलटली. ४७ प्रवासी, बहुतेक म्हातारी माणसं, त्यातली २० गेली. परवाना होता ४८ चा, म्हणजे कागदावर सगळं बरोबर! पण तो आकडा माणशी १४० पौंड धरून काढलेला, म्हणजे साडेत्रेसष्ट किलो. माणसं त्याहून जड झाली होती. शिवाय बोटीचं मूळचं हलकं कापडी छत काढून मागाहून लाकडी बसवलेलं. बोट कलली तशी लांब बाकांवरची माणसं घसरत एका बाजूला गेली आणि ती सावरलीच नाही. चौकशीत निघालं की त्या बोटीत १४ च प्रवासी बसवायला हवे होते. पुढं २०११ मध्ये तिथल्या तटरक्षक दलानं प्रवासी बोटींसाठी माणशी वजन १८५ पौंड केलं, म्हणजे ८४ किलो. हे सगळं मी घरी जाऊन पुन्हा वाचून काढलं. लांब बाक, घसरणारी माणसं, वर चढवलेलं छप्पर, कागदावरचा आकडा... तलाव तेवढा दुसरा. बाकी येलदरीच.

साहेबांनी जाता जाता आणखी एक सूत्र दिलं. तिकडं २० फुटांखालच्या छोट्या बोटींवर किती माणसं, किती वजन याची पाटी कारखान्यातूनच लावून येते. पाटी नसेल तर ढोबळ हिशोब: फुटांतली लांबी गुणिले रुंदी, भागिले १५. मी मोबाइलवर केलं. १८ गुणिले साडेसहा, ११७. भागिले १५, सात पूर्णांक आठ. अपूर्णांक सोडायचा, म्हणजे सात. दिवसभर पोती वाहून माझी पाठ मोडली होती आणि उत्तर या एका ओळीत होतं. अर्थात हे सूत्र कच्चं. छप्पर, सीटची उंची, मशीनचं वजन यातलं त्याला काही कळत नाही, त्यामुळं पोत्यांशिवाय सुटका नव्हतीच.

त्यानंतरचे दोन महिने बोट सोलायचंच काम. पत्र्याचं छप्पर भंगारात गेलं, त्याजागी हलक्या पाइपावर शेडनेट. झालर मामींनी नेली, ती आता देवघराला आहे. लांब बाकडी तोडली आणि पुढं तोंड करून दोन-दोनच्या तीन ओळी केल्या. सीट बुटक्या, प्रत्येकाला पाठ, बाजूला धरायला दांडी. स्क्रूऐवजी स्टीलचे आरपार बोल्ट, खालून पट्टी देऊन, म्हणजे ओढ एका छिद्रावर न येता पसरते. माणसं मधोमध आली, कडा मोकळ्या झाल्या. पुढच्या टोकावर बसता येऊ नये म्हणून तिथं आडवी रेलिंग टाकली. मशीनची लाल दोरी, जी पहिल्या वर्षभर डब्यात पडून होती, ती आता चालवणाऱ्याच्या मनगटाला असते. तो पाण्यात पडला तर दोरी सुटते आणि मशीन जागच्या जागी बंद.

जॅकेटं नवी घेतली, लेकरांची वेगळी. मोठ्याचं जॅकेट लेकराला घातलं तर पाण्यात जॅकेट वर राहतं आणि लेकरू खालून निसटतं, म्हणून लहान मापाला पायांतून जाणारा पट्टा असतो. नऊवारीवर जॅकेट बांधणं ही मात्र वेगळीच कला आहे, मामी त्यात तरबेज झाल्यात. आणि बुडाखाली कुणी घेत नाही, कारण अंगात असल्याशिवाय दोरी सोडत नाही.

पाटी मी स्वतः रंगवली. पांढऱ्यावर लाल: 'चालकासह ७'. पन्नासचं तिकीट शंभरचं केलं. पहिल्या महिन्यात लोकांनी शिव्या दिल्या. पुढच्या काठावर एक जण अजून बाराच बसवतो, पन्नासात. त्याच्याकडं रांग असते. मला राग येतो, मग पाडवा आठवतो आणि राग कुणाचा करावा ते कळत नाही.

माझ्यापेक्षा मामा बदलतील असं मला वाटलं नव्हतं. गेल्या महाशिवरात्रीला एक पांढरी गाडी आली. उतरली सहा माणसं, त्यातला एक तालुक्यातला वजनदार, दोन्ही अर्थानं. सोबत वर्षाचं एक तान्हं. मी बोटीत, मामा काठाला.

"दोन फेऱ्या होतील," मामा म्हणाले.

"अहो, घरचीच माणसं हायेत. लेकरू तर मांडीवर बसंल."

"मांडी म्हंजे सीट न्हाई, दादा."

"कामून? त्याचं वजन काय, चार किलो?"

मामांनी पाटीकडं बोट केलं. मग जॅकेटाच्या ढिगाकडं. "ह्याच्या मापाचं माझ्याकडं न्हाई. लेकरू जाणार न्हाई."

गाडीवाल्यानं एक फोन लावला. कुणाला ते माहीत नाही, पलीकडून कुणी उचलला नाही. तेवढ्यात त्यांच्यातल्या आजीच पुढं झाल्या, सुनेच्या हातातून लेकरू घेतलं आणि म्हणाल्या, "जा रे तुम्ही, मला तसंही भ्याव वाटायलंय."

राहिले पाच. अधिक मी, सहा. सातवी सीट मोकळी होती, मामांना येता आलं असतं. पण ते आले नाहीत. लग्नातल्या त्या प्लास्टिकच्या खुर्च्या आता बाभळीखाली असतात. मामांनी एक आजीसाठी पुसून दिली, एक स्वतःला ओढली. मी मशीन सुरू केलं, मागं वळून पाहिलं तर तान्हं मामांच्या मांडीवर होतं आणि त्यांच्या मिशा ओढत होतं.